मालेरीचा पॅरासुकस : एका नावाचा पुरावा

भीमाकाठच्या आपल्या पंढरपूर परिसरात विहीर खणली की काळा पाषाण लागतो. हा लाव्हाचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याहून कितीतरी जुन्या सरीसृपांची हाडे पाहायची तर चंद्रपूर-गडचिरोलीची सीमा ओलांडून, आज तेलंगणात असलेल्या मालेरी गावाकडे जावे लागते. तेथील तांबडे खडक ट्रायासिक कालखंडातले, साधारण 22 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

ज्यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागातील जीवाश्म जमविले. पुढे थॉमस हक्स्ले यांनी 1870 मध्ये 'पॅरासुकस' हे नाव वापरले आणि 1885 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ 'पॅरासुकस हिस्लॉपी' असे नामकरण केले. आधार काय होता? मुस्कटाचा एक तुकडा, कवटीच्या तळाचे हाड, काही दात आणि पाठीवरील अस्थिफलक. त्यांपैकी कवटीचे हाड या प्राण्याचे नव्हतेच. ते हायपरोडॅपेडॉन नावाच्या शाकाहारी सरीसृपाचे निघाले! राहिलेल्या मुस्कटावरून प्राण्याची वेगळी ओळख पटेना. ताम्रपट एकाचा आणि मुद्रा दुसऱ्याची असावी, तशी ही गत. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. येथे तर ग्रंथात छापलेले नावच तपासणीस उभे राहिले.

उत्तर मालेरीच्याच खडकांनी दिले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे शंकर चॅटर्जी यांनी 1978 मध्ये जवळजवळ संपूर्ण सांगाड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राणी दिसायला सुसरीसारखा, लांब मुस्कटाचा. मात्र नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला नव्हेत, तर डोळ्यांजवळ. सुसरीचा हा पूर्वज नव्हे. पाण्यात दबा धरण्याच्या सारख्या जीवनक्रमातून आलेले हे साम्य होय.

मग जुने नाव टाकून द्यावे काय? चॅटर्जी यांनी तसे केले नाही. अपुऱ्या तुकड्याऐवजी संपूर्ण सांगाडा हाच त्या नावाचा आधार मानावा, अशी विनंती त्यांनी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे केली आणि 2003 मध्ये आयोगाने ती मान्य केली. नाव तेच राहिले, पुरावा बदलला.

शेजारी-शेजारी सापडलेल्या दोन सांगाड्यांच्या पोटाच्या जागी आणखी एका लहान सरीसृपाची हाडे होती, म्हणजे त्यांचे भक्ष्य. 1980 मध्ये त्याला 'मालेरीसॉरस' हे नाव मिळाले. शिकाऱ्याच्या नावात मिशनरी राहिला आणि भक्ष्याच्या नावात गाव.