फाशी आणि न्याय

खुनाला फाशी हाच न्याय, असे आपण सहज म्हणतो. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांचा संताप खराच. त्यांना क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण शिक्षा देते ते शासन, आणि शासनाचे माप सर्वांना सारखे हवे.

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, खुनाला जन्मठेप हा नियम व फाशी हा अपवाद. तीही 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रसंगीच. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती भगवती यांचे मत विरुद्ध पडले. फाशी होणे न होणे हे न्यायासनावर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते, हा त्यांचा एक आक्षेप.

तो निराधार नव्हता. उत्तर प्रदेशातील एकाच खून-खटल्यात जीतासिंग, काश्मीरासिंग व हरबंससिंग या तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. १९७७ मध्ये काश्मीरासिंगची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. १९८१ मध्ये जीतासिंग मात्र फासावर गेला. हरबंससिंगची फाशी ऐन वेळी थांबली, आणि १९८२ मध्ये न्यायालयानेच त्याच्यासाठी दयेची शिफारस केली.

वाणिज्य शाखेत आम्ही शिकतो की, जमाखर्चातील चूक उलट नोंद करून दुरुस्त करता येते. फाशीला उलट नोंद नाही.

मग क्रूर गुन्हेगार मोकळा सुटावा काय? मुळीच नाही. कर्नाटकातील श्रद्धानंद खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी, कोणतीही सूट न देता, मरेपर्यंत कारावास दिला. अशा शिक्षेने समाज सुरक्षित राहतो, आणि निकालात चूक आढळलीच तर तुरुंगाचे दार उघडता येते. म्हणून माझे मत या शिक्षेच्या बाजूचे आहे.