परत फिरायची जागा आधी ठरवा: रायगडाच्या पावसाने शिकवलेला धंद्याचा धडा



आजचा धडा नवरा-बायको मिळून धंदा सुरू करणाऱ्यांसाठी आहे. यवत-केडगाव पट्ट्यात अशी बरीच जोडपी आहेत. कोणी हायवेला नाश्ता सेंटर टाकतंय, कोणी गुळाचं पॅकिंग करतंय.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आणि मिसेस ताम्हिणीमार्गे रायगडला गेलो. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता. मी म्हटलं, "भुलेश्वर पावसात किती वेळा चढलोय, काही होत नाही."

इथेच चुकलो. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि कोकणात आणि घाटमाथ्यावरच मोकळे होतात. आपल्या दौंडकडे उरतो तो उरलासुरला पाऊस. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत मुसळधार'. भुलेश्वरच्या भुरभुर पावसाचा अनुभव तिथे काय कामाचा?

खुबलढा बुरुजाच्या पुढे गेलो आणि पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं. वाऱ्याने नीट उभं राहवेना. मिसेस म्हणाली, "अहो, बास. इथूनच फिरू." मी म्हणतोय, "एवढं डिझेल जाळून आलो, आता थोडंच राहिलंय!" दहा मिनिटं आम्ही भर पावसात वाद घालत उभे. शेवटी फिरलो. उतरताना कळलं, वाहत्या पाण्यातून चढण्यापेक्षा उतरणं जास्त अवघड असतं. पुढे जुलै २०२४ मध्ये याच पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले, पर्यटक अडकले आणि प्रशासनाला गड काही काळ बंद ठेवावा लागला. तो व्हिडिओ बघून मी मिसेसला हात जोडले.

आता धंद्याकडे या.

धडा १: गेलेलं डिझेल परत येत नाही. वर गेलो काय, खाली आलो काय, ते जळालंच. "दुकानात एवढे पैसे घातलेत, आता कसं थांबू?" हा तोच वाद. गेलेले पैसे मोजू नका, पुढचा महिना किती खाणार ते मोजा.

धडा २: उतरण्यापुरता दम राखा. समजा, तुमच्याकडे ३ लाख आहेत. गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, भांडी यात १ लाख ८० हजार गेले. उरले १ लाख २० हजार. सुरुवातीला महिन्याला २० हजार तोटा धरला, तर सहा महिन्यांचा दम आहे. पण सहावा महिना संपेपर्यंत थांबलात, तर मालवाल्याची उधारी आणि भाडं कशातून देणार? म्हणून रेघ ४० हजारांवर मारा. म्हणजे चार महिने. तोटा तसाच राहिला, तर त्या दिवशी बसून निर्णय घ्यायचा. घरातलं सोनं त्या रेघेच्या पलीकडे न्यायचं नाही.

धडा ३: एकाचा 'नाही' पुरेसा. पुढे जायला दोघांचा होकार लागतो, फिरायला एकाचा 'बास' पुरे. भर पावसात हा नियम ठरवता येत नाही, कारण तेव्हा दोघंही भिजलेले आणि चिडलेले असतात. तो घरी, चहा पिताना ठरवायचा. आणि मागे फिरलो म्हणून नंतर टोमणा मारायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी समोरचा बोलणारच नाही.

धडा ४: एका डोंगराचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. बाजारच्या दिवशी स्टॉल चालला म्हणजे रोजचं दुकान चालेलच असं नाही. आधी तिथला पाऊस बघा: आठवडाभर त्या जागेवर उभं राहून गिऱ्हाईक मोजा.

गृहपाठ: आज जेवण झाल्यावर दोघांनी वहीत तीन ओळी लिहा. किती रक्कम उरली की थांबायचं, कोणत्या तारखेला हिशोब बघायचा, आणि कोणती वस्तू कधीच गहाण टाकायची नाही. खाली दोघांनी सह्या करा.

आणि हो, रायगड आम्ही सोडला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेलो, आरामात चढलो. गड तिथेच होता. धंद्याचंही तसंच आहे. वेळेत फिरलेला माणूस पुन्हा चढू शकतो.