प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय? गाडीला किक मारण्याआधी हे तपासा

प्रिंटर भाड्याने देऊन पानामागे पैसे घेण्याचा धंदा वर्धा जिल्ह्यात करायचा म्हणजे मशीन विखुरलेल्या असणार. एक सेवाग्रामला, दोन हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, एक आर्वीच्या सेवा केंद्रात. वर्ध्याहून आर्वीला जाऊन यायचं तर शंभरेक किलोमीटर होतात. पेट्रोल जातं, अर्धा दिवस जातो, आणि तिथे गेल्यावर कळतं की कोणीतरी फक्त बटण बंद केलं होतं! अशा दोन-तीन चकरांत त्या मशीनचा महिन्याचा नफा संपतो.

आधी ‘ऑफलाइन’चा अर्थ समजून घ्या

ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर आपण एक छोटा प्रोग्राम बसवतो, त्याला एजंट म्हणतात. तो ठरावीक वेळाने एसएनएमपी या पद्धतीने प्रिंटरला विचारतो: काउंटर किती? टोनर किती? उत्तर आलं नाही की सॉफ्टवेअर ‘ऑफलाइन’ लिहितं. म्हणजे मशीन बिघडली असं नाही, फक्त उत्तर मिळालं नाही.

पहिला प्रश्न: एक गप्प की सगळे गप्प?

एका ठिकाणचे सगळे प्रिंटर एकदम गेले, तर प्रिंटरचा विचार सोडा. वीज, इंटरनेट किंवा एजंटचा कॉम्प्युटर, यांपैकी काहीतरी बंद आहे. म्हणून एजंट अशा कॉम्प्युटरवर बसवा, जो ऑफिस उघडल्यापासून चालू असतो. त्याचं स्लीप बंद करा आणि कॉम्प्युटर सुरू होताच एजंट आपोआप सुरू होईल अशी सेटिंग ठेवा.

एकच प्रिंटर गप्प असेल, तर ग्राहकाला फोन करून तीन गोष्टी विचारा:

1. मशीनचा दिवा लागलाय का?
2. नेटवर्कची वायर नीट बसली आहे का?
3. प्रिंट निघते का?

प्रिंट निघते तरी ऑफलाइन? मग बहुतेक वेळा आयपी पत्ता बदललेला असतो. राउटर आपोआप पत्ते वाटतो आणि वीज गेली-आली की कधी कधी नवा देतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, अर्धी कटकट तिथेच मिटेल. पत्ता तोच आहे आणि पिंगला उत्तरही येतंय, तर प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद झालंय का ते बघा. आणि हो, मशीन फक्त यूएसबीने जोडलेली असेल तर नेटवर्कवरून ती दिसणारच नाही. त्यासाठी त्या कॉम्प्युटरवर वेगळा एजंट लागतो.

अलर्टची वेळ ग्राहकाप्रमाणे ठरवा

पंधरा मिनिटांत अलर्ट ठेवला की रोज संध्याकाळी ऑफिसं बंद झाल्यावर मोबाइल वाजत बसेल. मग तुम्ही अलर्ट बघणंच सोडाल, आणि खरा बिघाड त्यातच हरवेल. सुरुवातीला असं ठेवा: दवाखान्याला कामाचे दोन तास, सेवा केंद्राला एक दिवस, जिनिंगला हंगामात एक दिवस. कापसाचा हंगाम संपला की तिथला प्रिंटर आठवडाभरही बंद राहू शकतो, तेव्हा मुदत वाढवा. परत आणलेली मशीन यादीतून लगेच काढा.

बिलाचं काय?

घाबरू नका. काउंटर मशीनच्या आत चालूच राहतो, त्यामुळे ऑफलाइन काळातली पानं बुडत नाहीत. अडचण दोनच: बिलाच्या तारखेला आकडा हातात नसतो आणि टोनर संपत आल्याचं कळत नाही. म्हणून दर महिन्याच्या 25 तारखेला ऑफलाइन यादी उघडा. जी मशीन दिसत नाही, तिच्या काउंटरच्या पानाचा फोटो ग्राहकाकडून व्हॉट्सॲपवर मागवा. अंदाजाने बिल कधीच लावू नका. शंभर रुपयांचा घोळ झाला तरी ग्राहकाचा विश्वास उडतो, आणि लहान गावात ती गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

आजचा गृहपाठ: एका वहीत प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर, आयपी पत्ता, एजंटचा कॉम्प्युटर कोणता आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव लिहा. पुढचा अलर्ट आला की आधी वही उघडा, मग फोन करा. गाडीची चावी सगळ्यात शेवटी!