आगीपेक्षा धूर आधी मारतो



घराला आग लागली की आपले लक्ष ज्वाळेकडे जाते. परंतु आगीत सापडलेली पुष्कळ माणसे ज्वाळा अंगापर्यंत पोचण्यापूर्वीच मरण पावतात. त्यांना मारतो तो धूर. हे कसे घडते ते समजून घेऊ या.

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. आग तोच खाऊन वाढते. बंद खोलीत जळण अर्धवट जळते व त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून ठेवते. मग श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, काही सुचेनासे होते. झोपलेला माणूस तर जागाही होत नाही.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली. आग खाली गाड्या ठेवण्याच्या जागेतील ट्रान्सफॉर्मरपासून लागली. धूर वर चढून बाल्कनीत भरला. तेथील बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. माणसे गुदमरली. हा दैवाचा कोप नव्हे. कारणे होती म्हणून परिणाम झाला; आणि माणसाने निर्माण केलेली कारणे माणसालाच दूर करता येतात.

म्हणून घरातील प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे :

१. गरम धूर वर चढतो. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. रांगत दाराकडे जावे. ओले फडके काजळी अडवते, विषारी वायू अडवत नाही. त्याच्या भरवशावर थांबू नये.

२. सर्वजण बाहेर पडताच दार ओढून घ्यावे व १०१ वर कळवावे. सामानासाठी परत आत शिरू नये.

३. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई लावू नये.

४. थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. वंदनेची मेणबत्तीही विझवूनच निजावे.

धुराचे दुसरे मरण सावकाश येते. लाकडे-गोवऱ्यांच्या चुलीपुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्या आयाबहिणींना दम्यासारखे फुप्फुसांचे विकार जडतात, लहान मुलांना न्यूमोनिया होतो. बाईचा खोकला हा तिच्या जन्माचा भोग नाही. गॅस घेणे शक्य असेल तर तो आधी घ्यावा. नसेल तर चुलीवर धुराडे बसवावे, खिडकी उघडी ठेवावी आणि तान्ह्या मुलाला चुलीपासून दूर निजवावे.

आज रात्री मुलांना एक प्रश्न विचारा : अंधारात, डोळे मिटून, दार कसे गाठाल? त्यांच्या वाटेत पेटी, सायकल किंवा पिंप आडवे येत असेल, तर ते आजच हलवा.