तुरीतील भुंगेरा आणि मोहोळातील राणी

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांपैकी शेवटची कडी जरामरणाची आहे आणि तिच्या लगतची आधीची कडी जातीची आहे. पालीतील ‘जाति’ म्हणजे येथे जन्म; आपल्या समाजाने त्या शब्दाला जो अर्थ चिकटविला तो नव्हे. जन्म आहे म्हणून जरा आहे, हे तत्त्व सर्व प्राणिमात्रांस लागू आहे. जीवशास्त्राचा प्रश्न मात्र त्याहून मर्यादित आहे. जन्मास आलेला एक जीव आठवडाभरात जीर्ण का होतो आणि त्याच्याच वर्गातील दुसरा जीव वर्षानुवर्षे ताजातवाना का राहतो? हा प्रश्न कीटकांमध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो, आणि वऱ्हाडातील विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. घरातील तुरीची कोठी आणि मेळघाटातील झाड पुरेसे आहे.

प्रथम कोठीकडे वळू. अकोला हे तूरडाळीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तुरीचा, मुगाचा, चवळीचा शत्रू असलेला भुंगेरा येथील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याची मादी शेतात शेंगेवर आणि घरात थेट दाण्यावर अंडी चिकटविते. अळी अंड्यातून निघताच दाणा पोखरून आत शिरते, आतच वाढते, आतच कोश करते. आणि उष्ण हवेत तीन-चार आठवड्यांनी दाण्याला वाटोळे भोक पाडून प्रौढ भुंगेरा बाहेर येतो. या प्रौढाला खाण्याची गरजच पडत नाही. अळीपणी साठविलेली शिदोरी हीच त्याची जन्मभराची पुंजी. तिच्यातून त्याला शरीरही सांभाळावयाचे असते आणि संततीही निर्माण करावयाची असते. भुंगेरा सामान्यतः आठवडा-दोन आठवडे जगतो.

नवी कमाई नाही आणि खर्चाची खाती दोनच, त्यामुळे जरा आणि प्रजनन यांचा हिशेब मांडण्यास हा कीटक फार सोयीचा ठरला. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला याचसाठी पाळले. नराशी समागम न झालेली मादी समागम झालेल्या मादीपेक्षा अधिक दिवस जगते. समागम झालेल्या मादीला अंडी घालण्यास दाणेच दिले नाहीत, तर ती अंडी रोखून धरते आणि तिचे आयुष्य लांबते. अंड्यांत गेलेला साठा शरीराच्या डागडुजीला उरत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

परंतु निसर्गाने असा उधळा जीव घडविलाच कशासाठी? पीटर मेदावर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली याचे उत्तर मांडले. पाखरू, पाल, कोळी, पाऊस, ऊन यांच्या तडाख्यात ज्या जीवाचे मरण लवकर ठरलेले आहे, त्याच्या उत्तर आयुष्यातील दोषांना निसर्गाची निवड गाळू शकत नाही, कारण तोवर जिवंत राहणारे फारच थोडे. उलट, तारुण्यात अधिक संतती देणारा आणि त्याची किंमत म्हातारपणी वसूल करणारा गुण अशा ठिकाणी टिकतो. तुरीच्या शेंगा व कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या हिरव्या अळीचा पतंग पाहा. मादी एक-दोन आठवड्यांच्या आयुष्यात शेकडो अंडी घालून संपते. खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण अळ्या भरून घराचे तोंड लिंपते आणि निघून जाते. आपली संतती तिला बहुधा कधी दिसत नाही. हे सर्व एकाकी कीटक होत.

आता मोहोळाकडे पाहिले की हा हिशेब उलटाच लागतो. पाळीव युरोपीय मधमाशीची राणी ऐन हंगामात दिवसाला हजारावर अंडी घालते, आणि तीच दोन ते पाच वर्षे जगते. जिला बहुधा एकही अंडे घालावयाचे नसते ती कामकरी माशी हंगामात पाच-सहा आठवड्यांत मरते. मुंग्या, वाळवी व मधमाश्या यांच्या राण्यांचे सरासरी आयुष्य एकाकी कीटकांच्या प्रौढावस्थेच्या जवळजवळ शंभरपट आहे, असे लॉरेंट केलर व मिशेल जेनू यांनी १९९७ मध्ये दाखविले. युरोपातील एका काळ्या मुंगीची राणी बंदिस्त अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

यात मेदावरांचा सिद्धांत मोडत नाही. उलट तो येथेच खरा उजळतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे उडतात, त्यांतील बहुतेक त्याच रात्री पाली, बेडूक व पक्षी यांच्या पोटात जातात. जी थोडी जोडपी पंख टाकून जमिनीत शिरतात आणि वारूळ उभे करू शकतात, त्यांच्यावर मरणाचा हात सहजी पडत नाही. भोवती मातीच्या भिंती, दारावर सैनिक, अन्न तोंडाशी. अशा जीवाच्या बाबतीत उत्तर आयुष्यातील दोषही निवडीच्या चाळणीतून सुटत नाहीत, आणि शरीराची डागडुजी करणे फायद्याचे ठरते. शिवाय पुंजी त्याची एकट्याची नसते. राणीच्या अंड्यांचा खर्च हजारो कामकरी भागवितात.

इंग्रजी शास्त्रग्रंथांत राणी, कामकरी, सैनिक या भेदांना ‘कास्ट’ म्हणतात. हा शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो, आणि आपल्या विद्यालयात तरी तो तपासूनच वापरला जावा. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या फलित अंड्यांतून जन्मतात. पहिले दोन-तीन दिवस अळीचे भवितव्य ठरलेलेच नसते. पुढे जिला राजान्न भरपूर मिळत राहते ती राणी होते आणि सुमारे १६ दिवसांत बाहेर पडते, इतर अळ्यांच्या कामकरी होतात व त्यांना २१ दिवस लागतात. भेद जन्माचा नसून पोषणाचा आहे. दक्षिण भारतात विपुल आढळणाऱ्या एका गांधीलमाशीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके संशोधन केले. तिच्यात राणी व कामकरी दिसण्यातही भिन्न नाहीत. राणी काढून घेतली की काही मिनिटांतच एखादी कामकरी आक्रमक होते, आणि राणी परत न आल्यास सुमारे आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते. कीटकांवरून मानवी समाजाचे नियम काढणे चूकच. पण ज्यांना उच्चनीचतेसाठी निसर्गाची साक्ष हवी असते, त्यांना येथे ती मिळत नाही, एवढे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

दक्षिणेतीलच एका उडी मारणाऱ्या मुंगीने तर संशोधकांस अधिक चकित केले. राणी मेल्यावर तिच्यातील कामकरी मुंग्या शृंगिकांनी द्वंद्व करतात. जिंकणारी अंडी घालू लागते आणि तिचे सात महिन्यांचे आयुष्य चार वर्षांपर्यंत लांबते. अंड्यांसाठी तिच्या शरीरात इन्शुलिन वाढते, ज्याने खरे तर वार्धक्य लवकर यावे. पण तिचे अंडाशय एक प्रथिन स्रवते व इन्शुलिनचा तो घातक परिणाम अडविते, असे २०२२ मध्ये दिसून आले. मधमाशीतही जरा कामावर अवलंबून असते. पोळ्यातील दायी माश्या काढून घेतल्या, तेव्हा बाहेर हिंडून जीर्ण झालेल्या काही कामकरी पुन्हा पिलांच्या संगोपनाकडे वळल्या आणि त्यांतील काहींची शिकण्याची क्षमता सुधारली.

मेळघाटात आग्या मोहोळाच्या बाबतीत हे ज्ञान पोटापाण्याशी निगडित आहे. या पोळ्यात मध वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात असतो आणि पिल्ले खाली. मोहोळ जाळले तर माश्या, पिल्ले आणि बहुधा राणीही जाते. कामकरी समागम करू शकत नाहीत; त्यांनी घातलेल्या अंड्यांतून केवळ नर निपजतात आणि वसाहत संपते. केवळ मधाचा भाग कापला तर खालच्या कोवळ्या पिल्लांतून माश्या नवी राणीही घडवू शकतात, आणि त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळण्याची आशा राहते.

भुंगेऱ्याचा प्रयोग मात्र आपल्या शाळेतही करता येईल, आणि त्यात एकही जीव मारावा लागत नाही. पांढरे ठिपके, म्हणजे अंडी, असलेले पण भोक न पडलेले मुगाचे दाणे निवडावेत. प्रत्येक दाणा स्वतंत्र लहान बाटलीत ठेवून तोंडाला कापसाचा बोळा लावावा, म्हणजे निघणारा भुंगेरा समागमावाचून राहील. मुगावरच्या नेहमीच्या प्रजातीत नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या दातेरी असतात, त्यावरून नर-मादी ओळखावेत. मग वीस माद्या एकेकट्या, वीस माद्या एक दिवस नराबरोबर ठेवून पुढे दाण्यांविना, आणि वीस माद्या तशाच एक दिवस नराबरोबर ठेवून पुढे भरपूर दाण्यांसह ठेवाव्यात. सर्व बाटल्या एकाच कपाटात असाव्यात, कारण उष्णतेने आयुष्य कमी-जास्त होते. रोज एका ठराविक वेळी मेलेल्या माद्या मोजून वहीत लिहाव्यात. पहिले तीन-चार दिवस तिन्ही रांगा बहुधा सारख्याच दिसतील. तेवढ्यावरून वही मिटू नये, शेवटची मादी मरेपर्यंत नोंद चालू ठेवावी.