श्रींच्या पायथ्याची खाडी

आंजर्ले (ता. दापोली) येथील श्री कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनास येणारे भाविक आता पुलावरून थेट वाहनाने डोंगरावर पोहोचतात. पूर्वी जोग नदीची ही खाडी तरीतून ओलांडून, गावातून डोंगर चढूनच देवदर्शन घडे. तरीवाल्याच्या हाताखेरीज यात्रा पुरी होत नसे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळाची चाहूल लागताच जवळच्या उघड्या हर्णै बंदरातील मच्छीमार बांधव आपल्या नौका आजही याच खाडीत आश्रयास आणतात. मात्र मुखाशी साचलेल्या गाळात नौका रुतण्याचे प्रसंग घडतात, म्हणून वारा सुटलेला असतानाही त्यांना भरतीची वाट पाहत बाहेर थांबावे लागते.