सेवानिवृत्तीनंतरचे जीवन

आम्ही बँक कर्मचारी वयाच्या ६०व्या वर्षी सेवानिवृत्त होतो. निरोप समारंभात हारतुरे मिळतात. दुसऱ्या दिवशी डबा भरायचा नसतो, काउंटरपलीकडून हाकही येत नाही. आपल्यापैकी अनेकजण घरातील पहिलेच नोकरदार. त्यामुळे खुर्चीबरोबर मानही गेला असे वाटते. त्यातच फंडाच्या रकमेवर नातलगांची नजर असते. १ एप्रिल २०१० पासून सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही; त्यांची तर ही पुंजीच म्हातारपणाची भाकरी. ती उसनवारीत घालवू नये. घरातील स्त्रीला निवृत्ती नसते, तिच्या कामात वाटा उचलावा. वस्तीतील विद्यार्थ्यांना अर्ज लिहिणे, हिशेब ठेवणे शिकवावे. बंधुभगिनींनो, ही सवय नोकरीत असतानाच लावून घेऊया.